उल्कावीरच्या चित्रातली खुर्ची

१

रविवारी सकाळी अकरा वाजले की गुलबर्ग्याकडच्या आळंदमधल्या त्या घरात सगळी कामं जिथल्या तिथं थांबायची. तव्यावरची भाकरी तेवढी उतरवली जाई. चंद्रभागाबाई तूर निवडायचं सूप मांडीवर घेऊनच टीव्हीपुढं बसत, पण त्या तासाभरात एक खडा बाजूला पडत नसे. शेजारच्या गुरुबाई स्वतःच्या घरी टीव्ही असताना इकडं येत, कारण त्यांच्या मते इकडच्या टीव्हीत माणसं जास्त खरी दिसायची. आणि सात महिन्यांची गरोदर नेत्रावती भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसायची.

मालिका होती ‘उल्कावीर’. अंगावर उल्का पडूनही न मेलेला, उलट त्या दिवसापासून उडायला लागलेला एक शाळामास्तर, असा तिचा नायक. तो पूल खांद्यावर तोलायचा, आगगाडी एका हाताने थांबवायचा. त्याच्या अंगाला घट्ट बसलेल्या निळ्या कपड्यांची चंद्रभागाबाईंना लाज वाटायची, पण त्या बघत मात्र डोळ्यांची पापणी न हलवता. घराचा खरा जीव अडकला होता तो मालिकेतल्या चित्रांत. मालिकेत एक म्हातारा चित्रकार होता. तो डोळे मिटून चित्र काढायचा आणि चित्रात असेल ते पुढं घडायचं. उल्कावीर ते चित्र बघायचा, झेप घ्यायचा आणि अगदी शेवटच्या क्षणी संकट टाळायचा. “चित्र हा इशारा आहे, शिक्षा नाही,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते आलं की गुरुबाई मान डोलवायच्या.

म्हाताऱ्याची ती चित्रं हरिओमनं काढलेली असत. हरिओम म्हणजे चंद्रभागाबाईंचा मुलगा, नेत्रावतीचा नवरा. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम गेलं होतं. शाळेच्या भिंती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचे मोर यांवर दिवस चालले होते. गुलबर्ग्याच्या कॉलेजातला त्याचा दोस्त प्रशांतकुमार हैदराबादला या मालिकेचे सेट उभारायचा, त्यानं हे काम मिळवून दिलं. काय काढायचं ते फोनवर कळायचं. हरिओम आधी छोटं चित्र करी, त्यावर चौकोन आखी, मग मोठ्या कॅनव्हासवर तेवढेच चौकोन आखून एकेक भरत जाई. पाटीवाल्यांची ही जुनी पद्धत. हात एका वेळी एकाच चौकोनात असतो. आपण काय काढलं ते सगळे चौकोन भरल्यावरच कळतं.

त्या रविवारी दिसणार होतं ते चित्र सोपं होतं. फुलांची कमान आणि खाली रिकामी खुर्ची. शेवटच्या भागात म्हणे उल्कावीर तिच्यावर बसणार होता. खुर्ची कशी हवी ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हरिओमनं घरातलीच काढली होती. सागवानी, उंच पाठीची, हातांच्या टोकाला पोपटाची तोंडं कोरलेली. ती सासऱ्यांकडून आलेली होती. नेत्रावती हळ्ळीखेडच्या लिंगायत घरातली, हरिओम मराठा. लग्न पळून जाऊन केलेलं. तिचे वडील रेवणसिद्धप्पा यांनी लेकीच्या लग्नात द्यायला म्हणून दोन खुर्च्यांची जोडी कधीची करून ठेवली होती. लग्नानंतर त्यांनी त्यातली एकच टेम्पोत घालून पाठवली आणि एक ठेवून घेतली. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्यांचा राग आणि त्यांची माया, दोन्ही अर्धी अर्धी त्या एका खुर्चीतून आळंदला आली, असं नेत्रावती म्हणायची.

पडद्यावर म्हाताऱ्यानं डोळे उघडले, चित्रावरचा कपडा ओढला. हरिओम सावरून बसला.

खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

२

चित्र फार वेळ दिसलं नाही, पण घरातल्या चौघांनीही ते पाहिलं. कमान तीच होती, झेंडूचा रंगही त्याच्याच हातचा. खुर्चीच्या पोपटांची तोंडंही त्याचीच. आणि मधे, जिथं त्यानं पाठीच्या फळीवरची लाकडाची रेघ न् रेघ काढली होती, तिथं हनुवटीपर्यंत हारात बुडालेलं एक माणूस. मान अगदी सरळ. कपाळावर भस्माचे पट्टे. डोक्यामागून वर गेलेली एक बारीक पांढरी रेघ, जणू कॅनव्हास तिथं खरवडला गेला होता.

“सत्कार दावलेत बघ,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “किती हार घातलेत. हऱ्या, लई झ्याक काढलास.”

आपल्याकडं सत्काराचं वेड सगळ्यांना. निवडून आलं सत्कार, निवृत्त झालं सत्कार, बदली होऊन आलं की सत्कार आणि गेलं की आणखी मोठा. खुर्ची, हार आणि त्यात बसलेलं माणूस म्हटल्यावर चंद्रभागाबाईंना दुसरं काय सुचणार? नेत्रावतीनंही कौतुकानं नवऱ्याकडं पाहिलं. पण त्याचा चेहरा बघून ती थांबली.

“मी रिकामी काढलो होतो,” हरिओम म्हणाला.

गुरुबाई उठल्या. चहा आणून त्यांच्यापुढं ठेवलेला होता, त्याच्यावर साय धरली होती. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मालिका अर्ध्यावर टाकून त्या निघून गेल्या. इतक्या महिन्यांत असं कधी झालं नव्हतं.

हरिओमनं मागच्या दारी जाऊन प्रशांतकुमारला फोन लावला. तो हसला. “अरे, कंपुटरवाले बसवले असतील कुणाला तरी. त्येंचं काय, ते हत्ती बसवतील. तुझं नाव तर येतंय न्हव शेवटी?”

हे पटण्यासारखं होतं. मालिकेत माणूस उडतो ते काय खरं उडतो? हरिओमला हायसं वाटलं आणि तो आत येऊन जेवायला बसला. भाकरी मोडताना त्याच्या लक्षात आलं की आपण त्या खुर्चीकडं पाठ करून बसलोय, आणि एरवी असं कधी बसत नाही.

३

गुरुबाई का उठल्या हे त्याला विचारायचंच होतं. संध्याकाळी तो पलीकडं गेला, तेव्हा त्या ओट्यावर वाती वळत होत्या.

“बस,” त्या म्हणाल्या. “हरि, तू आमच्या मालकाला खांदा दिलतास की न्हाई?”

“दिलतो की.”

“मग तुला कळलं न्हाई?”

तेव्हा त्याला कळलं. सकाळीच कळायला हवं होतं. गुरुबाई लिंगायत, आणि लिंगायतांत वारलेल्या माणसाला निजवत नाहीत. न्हाऊ घालून, भस्म लावून, हार घालून बसवतात. बसवूनच मिरवत नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. असं त्यानं आळंदच्या रस्त्यावर कितीदा पाहिलं होतं. पण टीव्हीत, निळ्या कपड्यातल्या वीराच्या गोष्टीत ते दिसल्यावर त्याचं डोकं तिकडं गेलंच नाही.

“आन ती पांढरी रेघ?” त्यानं विचारलं.

“ते तुमाला बाहेरनं दिसत न्हाई. फुलं असतात वरनं.” गुरुबाईंनी हातातली वात खाली ठेवली. “जीव गेल्यावर मान ऱ्हात न्हाई, पडती. म्हणून डोक्याला धोतराचा धडपा गुंडाळतात, आन मागं खुर्चीच्या पाठीला वर बांधून टाकतात. आमच्या मालकाला मीच बांधले. ती रेघ न्हाई, हरि. पट्टी हाय.”

घरी येऊन त्यानं ते आईला सांगितलं. नेत्रावती आत परातीत पीठ मळत होती. चंद्रभागाबाईंनी सगळं ऐकलं आणि सुस्कारा सोडून हात जोडले.

“मग आपलं न्हाई ते,” त्या म्हणाल्या. “आपल्यात बसवत न्हाईत. ज्येंच्यात बसवतात त्येंचं ते बघतील.”

हरिओमलाही तेच वाटलं, आणि वाटल्याबरोबर त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. कुणाच्या तरी दुसऱ्याच्या घराकडं बोट दाखवता आलं की माणसाला किती सुटल्यासारखं होतं. तो हात धुवायला आत गेला.

नेत्रावतीनं परातीतून मान वर केली नाही. “आन मी कुणात?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“अत्या म्हणल्या, आपल्यात बसवत न्हाईत. मग मी कुणात हाय, ते विचारायलेय.”

“तू आमच्यात. हे काय विचारणं झालं?”

“मग बरं,” ती म्हणाली आणि हसली. पण तिच्या गळ्यात चांदीच्या करडीत, त्या इवल्या डबीत, लिंगायतांची खूण असलेलं तिचं इष्टलिंग होतं. ते तिनं लग्नानंतरही काढलं नव्हतं, आणि काढ म्हणायची कुणाची छातीही झाली नव्हती.

त्या क्षणापासून हरिओमला भीती कुणासाठी वाटत होती ते त्याला स्वच्छ कळलं. पुढं त्यानं स्वतःला वेगवेगळी कारणं सांगितली, पण भीती ती एकच होती.

४

दुसऱ्या दिवशी प्रशांतकुमारनं शूटिंगचा एक फोटो पाठवला. नट पुढं उभा, मागं भिंतीवर चित्र, आणि चित्रातली खुर्ची रिकामी. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘कंपुटरवाल्यांना विचारलो, कुणी हात लावला न्हाई म्हणतात. तुला भास झाला असेल.’

चौघांना मिळून एकच भास? हरिओमनं आपल्या पाट्यांच्या दुकानात बसून, भर दुपारी, मोबाइलवर तो भाग पुन्हा लावला. बाहेर आडतीवर तुरीची पोती उतरत होती, हमाल एकमेकांना शिव्या घालत होते. सगळं इतकं रोजचं होतं की त्याला स्वतःचंच हसू आलं. चित्र आलं. नट त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं बरोबर मधला भाग झाकला. उरला तो खुर्चीचा एक हात, पोपटाचं तोंड.

त्या पोपटावर एक हात ठेवलेला होता. हिरव्या बांगड्या भरलेला.

त्यानं चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. हात बाईचा होता. बोटं सुजलेली, फुगलेली. एका बोटातली अंगठी इतकी रुतलेली की नुसती पिवळी रेघ दिसत होती. त्यानं आणखी मोठं केलं, तसे नुसते चौकोनच उरले. हिरवे, पिवळे, मातकट. आयुष्यभर चौकोनातून चित्र काढणाऱ्या माणसाला त्या चौकोनांतून काहीच दिसेना.

घरी गेल्यावर त्यानं नेत्रावतीचा हात हातात घेतला. अंगठी रुतलेली होती. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, ती निघाली नाही.

“सातवा सरला की सुजतात,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “मला तर चपला होत नव्हत्या पायात.”

“डोकं पण लई दुखायलंय,” नेत्रावती म्हणाली. “आन डोळ्यापुढं काजवे चमकतेत. टीव्ही जास्त बघितले वाटतं.”

अंगणवाडीतल्या बाई बीपी तपासून घ्या म्हणून सांगून गेल्या होत्या. जायचं, जायचं म्हणत राहून गेलं होतं. हरिओमनं ते ऐकलं, पण त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतं. चित्र म्हणजे इशारा. खुर्चीच नसली तर बसणार कशावर? उल्कावीरानं हेच केलं असतं.

त्यानं कुऱ्हाड आणली आणि खुर्ची मागच्या अंगणात फोडली. पोपटाची तोंडं फुटता फुटेनात, ती तशीच न्हाणीच्या चुलीत घातली. चंद्रभागाबाईंनी कपाळाला हात लावला. सागवान जाळणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. नेत्रावती दारात उभी राहून बघत होती. वडिलांकडून आलेली ती एकुलती एक वस्तू होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं त्याला अडवलं नाही.

चूल विझत आली तेव्हा ती म्हणाली, “दुसरी अप्पांकडं हाय की.”

५

हळ्ळीखेडहून फोन आला तो त्याच आठवड्यात. रेवणसिद्धप्पा स्वतः बोलले. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांना लेकीचा कुबसा करायचा होता. कुबसा म्हणजे आपलं डोहाळजेवण. माहेरचे लोक गरोदर लेकीला हिरवं लुगडं-चोळी नेसवून, फुलांनी मढवून मधे बसवतात आणि बायका ओटी भरतात.

नेत्रावती फोन कानाला लावून रडली, हसली आणि पुन्हा रडली. हरिओम समोर उभा होता. फुलांनी मढवून बसवतात, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

“जायचं न्हाई,” फोन ठेवल्यावर तो म्हणाला. “इथंच करूत.”

“अप्पा बोलवायलेत.”

“मला कळतंय.”

“न्हाई कळत.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “माझ्या बापानं माझं तोंड बघायचं सोडलंतं. आज त्येनं ‘ये’ म्हणलंय. एका टीव्हीतल्या चित्रापायी मी न्हाई म्हणू? आन ते चित्र तुम्हीच काढलंय न्हव? मग घाबरायलाव कामून?”

त्यानं आईकडं पाहिलं, तर चंद्रभागाबाईही सुनेच्या बाजूच्या. “पहिलटकरीण हाय. तिचं मन मोडू नगंस,” त्या म्हणाल्या.

शेवटी त्यानं सासऱ्यांना फोन लावला. पहिल्यांदाच बोलतोय आणि काय बोलतोय याची लाज वाटत असतानाही बोलला. “अप्पा, एकच मागणं हाय. तिला खुर्चीवर बसवू नका. पाटावर बसवा.”

रेवणसिद्धप्पांनी विचारलं, “तुमच्यात पाटावर बसवतात काय?”

“व्हय,” हरिओम खोटं बोलला. “आमच्यात तसंच हाय.”

“मग तसंच करू. आता ती तुमच्यातली,” रेवणसिद्धप्पा म्हणाले. म्हाताऱ्याच्या आवाजात इतका मोठेपणा होता की हरिओमला गलबलून आलं.

गुलबर्ग्याच्या डॉक्टरकडं कुबसा झाल्यावर सोमवारी जायचं ठरलं. परत येताना सरळ तिकडूनच जाऊ, असं हरिओम म्हणाला. खुर्चीचा बंदोबस्त झाल्यावर बाकी सगळं त्याला किरकोळ वाटत होतं.

६

हळ्ळीखेडच्या अंगणात मांडव घातला होता. सकाळचं कोवळं ऊन कनातीतून आत येत होतं. नेत्रावतीची मावशी शिवम्मा सगळीकडं तोंडानं आणि हातानं एकदम धावत होती. आळंदहून चंद्रभागाबाईंबरोबर गुरुबाईही आल्या होत्या. फुलांची कमान उभी होती, झेंडूची. हरिओमनं ती पाहिली, तसा तो मांडवाच्या तोंडाशीच थांबला. पण कमानीखाली पाट मांडलेला होता. कोऱ्या खणानं झाकलेला, रांगोळी काढलेला, बुटका, भक्कम पाट. त्याला त्या पाटाला हात जोडावेसे वाटले.

नेत्रावती पाटावर बसली. रेवणसिद्धप्पांनी पुढं येऊन तिच्या कपाळाला भस्म लावलं. ती डोळे मिटून घेऊन हसत होती. बापलेकीकडं बघून मांडवातल्या बायकांनी डोळे पुसले. गळ्यात हार पडले, डोक्यावर फुलांचा मुकुट चढला, ओटी भरायला सुरुवात झाली.

मग ती कळवळली. पाय दुमडत नव्हते. घोटे इतके सुजले होते की त्यांना आकारच उरला नव्हता, आणि पैंजणाची कडी मांसात गेली होती.

“अगं बाई, हिला खाली कशाला बसवलाव?” शिवम्मा म्हणाली. “असल्या दिवसात खाली बसवतात व्हय? उठवा आधी.”

“पाटावरच ऱ्हाऊ द्या,” हरिओम पुढं झाला. “मी सांगितलतो.”

“जावईबापू, तुमच्यात काय असंल ते असू द्या. तिचे पाय बघा की जरा.”

त्यानं पाहिले. ते पाय बघून नाही म्हणणारा नवरा जगात नसेल. नेत्रावतीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या हो. मला खरंच बसवंना.” बायका हसल्या, कुणीतरी त्याला चिडवलं, आणि तोवर दोघीजणी आतून ती खुर्ची घेऊन आल्या. उंच पाठीची. हातांना पोपटाची तोंडं. त्यानं जाळलेली, पुन्हा अख्खी.

नेत्रावती तिच्यावर बसली, पाय सोडले, मान मागं टेकली आणि तिला बरं वाटलं. तिचा हात पोपटावर विसावला. हिरव्या बांगड्या. रुतलेली अंगठी. हनुवटीपर्यंत हार, वर कमान. चौकोन न् चौकोन भरला गेला होता.

हरिओम खांबाला धरून उभा राहिला. आता काहीतरी होईल म्हणून त्यानं श्वास रोखला. काहीच झालं नाही. बायका गाणी म्हणत होत्या, मुलं बुंदी खात होती. नेत्रावतीनं त्याच्याकडं बघून भुवया उडवल्या.

आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेच ते चित्र! गुरुबाईंना जे आठवलं ते त्यांच्या दुःखातून आठवलं, त्याला जे वाटलं ते त्याच्या भित्रेपणातून. चित्र कुबशाचं होतं. घरात येणाऱ्या लेकराचं होतं. बापलेकीच्या गोडव्याचं होतं. आणि आपण मूर्खासारखी चांगली खुर्ची जाळली. त्याला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. खात्री करायची म्हणून त्यानं तिच्या डोक्यामागं पाहिलं. ती पांढरी पट्टी कुठंच नव्हती. नुसतं सागवान.

त्यानं जाऊन रेवणसिद्धप्पांचे पाय धरले. म्हाताऱ्यानं त्याला उठवून छातीशी घेतलं.

७

“जावईबापू, जेवून घ्या,” म्हणून त्याला आत नेऊन पानावर बसवलं. तो किती दिवसांनी भूक लागल्यासारखा जेवला. शेंगापोळी, तूप, वरून पुन्हा तूप. बाहेरून बायकांचा आवाज येत होता. फोटोवाला आला होता, तो सगळ्यांना उभं करत होता.

“मान वर करा अक्का,” फोटोवाला म्हणत होता. “थोडी वर. हां. पुन्हा पडली. डोळे उघडा.”

“मुकुट जड हाय,” शिवम्माचा आवाज. “फुलं ओली हाईत न्हव. नेत्रा, वर बघ गं. झोप आली व्हय बाईला? पहाटंपास्नं उठलीय.”

“डोकं…” नेत्रावती काहीतरी म्हणाली. पुढचं गाण्यात बुडालं.

हरिओमचा घास हातात राहिला. उठावं की नाही याचा तो विचार करत होता. मघाशीच आपण किती मूर्ख ठरलो, हे त्याला आठवत होतं. पुन्हा धावत गेलो तर सगळा मांडव हसेल, आणि आता तर सासराही बोलायला लागलाय. त्यानं घास तोंडात घातला.

“असं चालणार न्हाई,” शिवम्मा बाहेर म्हणाली. “मुकुट घसरायलाय सारखा. थांबा, मी करते. कुणीतरी धडपा आणा गं एक. हां, हा पुरे.”

हरिओम उठला. उष्ट्या हाताने, पानावरून पाय टाकून, बायकांच्या गर्दीतून वाट काढत तो मांडवात आला.

शिवम्मा खुर्चीच्या मागं उभी होती. तिनं फुलांच्या मुकुटावरून पांढऱ्या धोतराची एक बारीक पट्टी घेतली होती आणि ती खुर्चीच्या पाठीला वर आवळून बांधली होती. गाठ मारून तिनं हात झटकले.

“आता हलणार न्हाई बघा,” ती कौतुकानं म्हणाली. “काढा फोटू.”

नेत्रावती ताठ बसली होती. भस्माचे पट्टे, हिरवं लुगडं, पोपटावर हात. मान अगदी सरळ. बायकांच्या रांगेतून गुरुबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. रेवणसिद्धप्पा अजून हसत होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. हरिओमनं हाक मारली, पण गाणं चालू होतं.

“अक्का, डोळे उघडा,” फोटोवाला म्हणाला. तो मघापासून हेच म्हणत होता.